लाल ढलप्या

"हिंदुराव, माझ्या बागंत शिमगा कुणी खेळला रं?"

गोदाक्का देवळातनं आल्या त्या फाटकातच थबकल्या. मी गुलाबांच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून लाल ढलप्या पसरत होतो. कोपरापर्यंत हात लाल, विजार लाल, घाम पुसून पुसून कपाळही लाल झालेलं. माझा अवतार बघून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. सहा महिन्यांनी त्याच बाईच्या तिरडीला मी खांदा दिला.

"शिमगा न्हाई आक्का. साहेबांची आवड," मी म्हणालो.

"सायेब म्हंजे आमचा अज्याच न्हवं? त्येची आवड मला नगं सांगू. ल्हानपणी भातावरबी साखर लागायची त्येला."

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. कराडच्या बाहेर तेव्हा कृष्णाई कॉलनी नवीन होत होती. तीस प्लॉट, त्यातले अकरा बंगले उभे. अजितराव खराडे पुण्यात मोठ्या कंपनीत साहेब होते. नोकरी संपल्यावर त्यांनी इथं बंगला बांधला आणि गावाकडच्या घरातनं आईला उचलून आणलं. शहात्तर वर्षांची बाई, पण पाठीला बाक नाही आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. ऊस सोलून खायच्या.

आणि मी कोण? कुंपणं कापणारा माणूस. हातगाडीवर गुलाबाची, जास्वंदीची रोपं घालून गल्लोगल्ली ओरडत फिरणारा. अख्ख्या बंगल्याची बाग पहिल्यांदाच माझ्या हातात आली होती. ती साधली की कॉलनी माझी, आणि फसली की पुन्हा हातगाडी, इतकं सरळ होतं ते. माझी बायको शालन रोज संध्याकाळी विचारायची, "आज काय म्हणालं सायेब?" आपली स्वतःची रोपवाटिका व्हावी असं तिच्या डोक्यात होतं. नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं तिनं.

खरं म्हणजे मी आधी बाग माझ्या पद्धतीनंच झाकली होती. उसाचं पाचट, वर भुईमुगाची टरफलं आणि पालापाचोळा. चांगला चार बोटं थर दिला. गोदाक्का स्वतः पाटी घेऊन माझ्याबरोबर पसरायला बसल्या होत्या. वास्तुशांत रविवारी, आणि बुधवारी अजितराव बागेत आले.

"हिंदुराव, हा कचरा कधी उचलणार?"

"कचरा नाही साहेब, पाचट आहे. ओल टिकते, तण येत नाही. वर्षभरात कुजून त्याचंच खत होतं."

"ते शेतात ठीक आहे. रविवारी माझ्या कंपनीतली माणसं येणार आहेत. त्यांना काय उकिरडा दाखवू?" त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यांच्या मेव्हण्याचं अमेरिकेतलं घर होतं. हिरवंगार गवत आणि झाडांच्या बुडाशी लालभडक लाकडाच्या ढलप्या. "हे असं पाहिजे मला."

आक्का व्हरांड्यात वाल सोलत बसल्या होत्या. तिथनंच म्हणाल्या, "अरं, जिमिनीला पांगरूण घालायचं का पावडर लावायची? म्हातारीला लाली लावल्यागत दिसंल ते."

"आई, तू जरा गप्प बस."

"बसती की. मला काय, मी गप बसंन. जिमीन बसायची न्हाई."

अजितराव माझ्याकडं वळले. "तुम्ही बोला. जमतंय, की दुसरा माणूस बघू? बाकीचे बंगलेवाले मला विचारतायत, बाग कुणाकडनं करून घेतली म्हणून. तुमचंच नाव सांगायचं होतं."

पाचट बरं की रंगवलेलं लाकूड, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मातीत जन्म गेला माझा. पण मी म्हणालो, "जमतंय साहेब."

आक्कांनी वाल सोलता सोलता वर बघितलं.

तशा ढलप्या आमच्या भागात एकाच ठिकाणी मिळायच्या, पोपटरावाच्या वखारीत. जुन्या इमारतींचं, खोक्यांचं लाकूड आणायचा, यंत्रात घालून ढलप्या पाडायचा आणि पिंपात रंगवून उन्हात टाकायचा. मी गेलो तेव्हा न रंगवलेल्या ढलप्यांचा ढीग बाजूला पडला होता. मी एक उचलली. आतनं हिरवट होती. ओल्या लाकडाचा हिरवेपणा नव्हे. तांब्याच्या भांड्याला चढतो तसला.

"हे कशाचं लाकूड, पोपटराव?"

"बंद पडलेल्या कारखान्यातलं. गरम पाणी गार करायचा मनोरा असतो बघ तिथं, त्येचं. पंचवीस वर्षं पाण्यात हुभं हुतं, पण कुजलं म्हणशील तर नाव नगं. औषध पाजल्यालं हाय. वाळवी वास घिऊन माघारी जाती."

"आणि बागेत चालतंय?"

"न चालायला काय झालं? झाडं काय चावून खात्यात व्हय? चुलीत तेवढं घालू नगंस. आमच्या राखणदारानं शेकोटी केली, दोन दिवस वकत हुता."

तो हसला. मीही हसलो. ढलप्या लाल करून दोन टेंपो भरल्या आणि आलो.

तर आक्का फाटकातनं आत आल्या, शिमग्याची चेष्टा करून झाली, आणि मग माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. ढिगातली एक ढलपी उचलली, कडाकन मोडली, आणि डोळ्यांजवळ नेली.

"ही आतनं हिरवी कशी रं?"

तोंडात पहिलं आलं ते बोललो. "कडुलिंबाचं लाकूड आहे, आक्का."

एवढंच. विचार करून खोटं बोललो असतो तर काही वेगळं तरी बोललो असतो. सागाचं म्हणालो असतो, बाभळीचं म्हणालो असतो. पण मला ती बाई तिथनं उठायला हवी होती, आणि कडुलिंब म्हटलं की आमच्याकडं पुढं कुणी काही विचारत नाही.

"लिंबाचं व्हय? मग ब्येस हाय," आक्का म्हणाल्या. ती मोडलेली ढलपी त्यांनी कनवटीला खोचली.

वास्तुशांत झोकात झाली. माणसं जेवण सोडून बागेचे फोटो काढत होती. डिसेंबर सरायच्या आत मला सात बंगल्यांची कामं मिळाली, आणि सगळ्यांना लालच पाहिजे होतं. शालननं गावातल्या देवीला खण-नारळ वाहिला.

खराड्यांकडं मी आठवड्यातनं दोनदा जायचो. अजितरावांनी गच्चीवर सूर्यावर पाणी तापवायचं यंत्र बसवलं होतं, पण आक्कांना अंघोळीला बंबाचंच पाणी लागायचं. मागच्या अंगाला पत्र्याची न्हाणी होती, तिथं त्यांचा तांब्याचा बंब. मी पोचायचो तेव्हा त्याच्या नळीतनं धूर निघत असायचा. वखारीतनं बंबफोड आणत असतील असं मला वाटायचं. वाटायचं, एवढंच. कधी वाकून बघितलं नाही.

काम झालं की आक्का मागच्या पायरीवर चहा द्यायच्या आणि माझी खरडपट्टी काढायच्या.

"आ कर. कर म्हंती न्हवं! बगा गं बाई, ह्येच्या हिरड्या. तंबाखू खाऊन खाऊन पार वाटूळं केलंस. दात पडल्यावर शालन टाकून जाईल तुला."

"जाऊ दे की आक्का. तुमच्याकडं येतो राहायला."

"माज्याकडं? ह्ये बग माझं दात." त्या ओठ फाकून दाखवायच्या. "उभ्या जन्मात त्या पेस्टीला शिवले न्हाई. राखुंडी. शेणीची राख, मीठ, लवंग. घोळून घोळून, हिरड्या चोळून लावायची. ह्या कॉलनीत शेणी कुठल्या रं, मेल्यांनो तुमी गवतसुदीक यंतरानं कापताय. पर केलीया म्या सोय. तुलाबी दीन."

मी चहा पिऊन उठायचो. काय सोय केलीय, असं विचारायचं माझ्या मनात आलं नाही.

संक्रांतीनंतर आक्का आजारी पडल्या. आधी उलट्या, जुलाब. काहीतरी बाधलं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग हातापायांना मुंग्या यायला लागल्या. बोटांत सुई धरता येईना. तळहात काळे पडले, खरखरीत झाले. एकदा चहाची कपबशी देताना त्यांची नखं दिसली, तर प्रत्येक नखावर आडवी पांढरी रेघ होती. डॉक्टर म्हणाले वयोमान, साखर. ज्योत्स्नावहिनी, म्हणजे अजितरावांच्या मंडळी, सासूचं सगळं मनापासून करत होत्या.

फेब्रुवारीत एका सकाळी मी मागच्या अंगाला गेलो आणि थांबलो. आक्कांनी न्हाणीच्या भिंतीला घेवडा लावला होता, शेजारी कढीपत्ता. घेवड्याचे वेल खालपासून करपले होते. कढीपत्त्यानं पानं टाकली होती. पाणी भरपूर होतं, मावा नव्हता, कीड नव्हती. मी बुडाची माती उकरली. वर राखेचा थर होता. घेवड्याला राख घालतातच आमच्याकडं. राखेनं घेवडा मेलेला मी जन्मात बघितला नव्हता.

आक्का भिंत धरून धरून पायरीवर आल्या.

"आक्का, ही राख कशाची घातलीत?"

"बंबातली."

"बंबात काय घालता?"

त्या गालात हसल्या. आवाज खाली आणला. "अज्याला सांगू नगंस हां. तुज्याच ढलप्या. पाटंला उठती, पाटीभर येचून आणती. वाफ्यात हितनं थोड्या, तितनं थोड्या, कुणाला कळतंय? लिंबाचं लाकूड बाबा, नुसतं मातीवर टाकायचं म्हंजे जिवावर येतं."

त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. न्हाणीच्या कोनाड्यात हात घालून त्यांनी एक डबा काढला. चहाचा जुना पत्र्याचा डबा, अर्धा किलोचा. झाकण उघडून माझ्यापुढं धरला.

"आन् ही बग माजी सोय. वस्त्रगाळ केलीया. लिंबाची राखुंडी! मीठ, लवंग, वाईच तुरटी. दातास्नी लिंबापरीस आनी काय पायजे? तूच बोललास म्हणून सुचलं मला."

"आक्का, ती लावू नका."

"का रं?"

ही जागा होती. देवानं मला ती जागा दिली होती. मागच्या पायरीवर ती बाई आणि मी, दोघंच. लिंबाचं नाही आक्का, विष पाजलेलं लाकूड आहे, मी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. आणि पुढच्या अंगाला अजितराव कॉलनीच्या अध्यक्षांना बाग दाखवत होते. माझं नाव घेतलेलं मला ऐकू येत होतं.

"रंग असतो त्यात," मी म्हणालो.

"रंग जळून जातोय येड्या. ही बग राख, हाय का कुटं तांबडी?"

"मग तो डबा मला द्या."

"आता आला का वळणावर!" आक्का खूश झाल्या. "ह्यो माजा हाय. तुला येगळा करून दीन."

मी तिथनं उठलो तो सायकल मारत थेट वखारीत गेलो. "पोपटराव, त्या लाकडातलं औषध कसलं?"

"सोमल असतो म्हणत्यात त्येच्यात, जहर. का? कुणी खाल्लं काय?" आणि तो पुन्हा तसाच हसला.

दुसऱ्या दिवशी मी दोन माणसं घेऊन खराड्यांच्या बागेतली ढलपी न् ढलपी उचलली. बुरशी धरलीय, झाडांना लागेल, असं अजितरावांना सांगितलं. ते कुरकुरले. नवीन लाल आणून देईन, तोवर राहू दे, म्हणून मी परत पाचट पसरलं. घेवड्याची राख खरवडली, बंबाचा तळ साफ केला. मनाला समजावलं, आता मूळच तोडलं ना, आता होतील बऱ्या. आणि डबा? तो आक्कांनी आत, आपल्या खोलीत नेऊन ठेवला होता. मी तो चोरायला हवा होता. डब्याला हात लावायचा तर का ते सांगावं लागणार, म्हणून मी त्याच्याकडं पाठ केली.

मार्चमध्ये आक्कांना दवाखान्यात ठेवलं. पायांतलं बळ गेलं होतं. मी शहाळी घेऊन गेलो. खाटेवर एवढीशी झालेली बाई. मला बघून हसल्या. खाटेशेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या, चष्मा, आणि तो चहाचा डबा.

ज्योत्स्नावहिनी म्हणाल्या, "त्याशिवाय सकाळ होत नाही त्यांची. हात चालत नाहीत आता, मीच चोळून देते हिरड्यांना."

तेवढ्यात डॉक्टर आले. नवीन होते, तरणे. त्यांनी आक्कांची नखं उलटसुलट करून बघितली, तळहात बघितले. मग अजितरावांना विचारलं, "ह्यांना काही गावठी औषध देताय? भस्म, वैदूची पुडी, असलं काही? पोटात वेगळं काही जातंय का?"

अजितरावांनी वहिनींकडं बघितलं. वहिनी म्हणाल्या, "नाही हो. घरचंच जेवण. पथ्याचं."

डॉक्टरांनी माझ्याकडंही बघितलं. मी दारात उभा होतो, दोन्ही हातांत शहाळी. डबा माझ्यापासून चार पावलांवर होता. तोंड उघडलं तर पोलीस, तोंड उघडलं तर कॉलनी गेली, शालनचं स्वप्न गेलं, असं काय काय डोक्यात फिरत होतं. नखं बघणाऱ्या त्या पोराला फक्त एक शब्द हवा होता. मी वाकून शहाळी दाराशी ठेवली.

"ह्यो हिंदुराव," आक्का डॉक्टरांना सांगत होत्या, "लई गुणाचा माळी हाय."

चैत्रात त्या गेल्या. सगळे म्हणाले, सोनं झालं, नातवंडं बघून गेली.

पुढच्या वर्षभरात मी कॉलनीतल्या सगळ्या बागांतल्या लाल ढलप्या उचलल्या. बुरशीचं कारण सांगून, पदरमोड करून. लोकांनी शिव्या दिल्या, तीन बंगले सुटले. रोपवाटिका झाली, पुष्कळ उशिरा झाली. अजितरावांना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांच्या बागेत मी अजून जातो, ते अजून चहा देतात. हे सगळं ठाऊक आहे ते एकाच माणसाला, आणि तिलाही मी आपण होऊन सांगितलं नव्हतं.

झालं असं की आक्कांच्या बाराव्याला मी पंगत वाढून निघालो, तेव्हा ज्योत्स्नावहिनी पाठोपाठ फाटकापर्यंत आल्या. हातात एक पत्र्याचा डबा होता. आक्कांचा नव्हे, दुसरा. झाकणाला दोरा बांधलेला.

"आईंच्या कपाटात सापडला. मला मागेच सांगून ठेवलं होतं त्यांनी, हिंदुरावला द्यायचा विसरू नको म्हणून. त्याच्या हिरड्या खराब आहेत म्हणाल्या." वहिनींचे डोळे भरून आले. "बोटं वळत नव्हती हो त्यांची, तरी स्वतः चाळून भरलाय."

मी तो डबा घेतला. घेतला, कारण न घेण्याचं कारण सांगता येत नव्हतं. रस्त्यात कुठंतरी पुरून टाकावा म्हणून दोनदा सायकल थांबवली, आणि दोन्ही वेळा माणसं येताना दिसली. घरी आलो. डबा ओट्यावर ठेवला आणि तोंडावर पाणी मारायला मोरीत गेलो.

बाहेर आलो तर शालननं दोरा सोडला होता.

"आक्कांची राखुंडी व्हय? किती बारीक केलीया बघा," ती म्हणाली. बोट बुडवलं, आणि बोट तोंडाकडं नेलं.

मी खोलीच्या त्या टोकाला होतो. कसा पोचलो मला माहीत नाही. तिच्या हातावर असा फटका मारला की डबा लांब भिंतीवर जाऊन आपटला आणि घरभर राख झाली. वीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर हात उचलला नव्हता. ती हात पोटाशी धरून माझ्याकडं बघत राहिली.

मग मी सांगितलं. वखार, हिरवी ढलपी, कडुलिंब, घेवडा, सोमल, दवाखाना, सगळं. खाली बसून, राखेत बसूनच सांगितलं. संपल्यावर ती आपल्या हाताकडं बघत होती. मनगटावर माझी चार बोटं उमटली होती.

"खोलीच्या त्या टोकावरनं आलासा," ती म्हणाली. "माझं बोट तोंडात जायच्या आत आलासा. आणि ती म्हातारी चार पावलांवर हुती."